पांढुर्ण्याचं हवामान अजून ठरलं नाही

सुमन,

काल तुझ्या शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडमास्तरांनी घसा साफ केला, खिशातून रुमाल काढला, तो कोरडाच परत ठेवला आणि म्हणाले, "सुमनबाईंचा स्वभाव अगदी समशीतोष्ण होता."

मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू आवरत नाही, त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाणी मागवलं. ते पाणी मी पिऊन टाकलं, कारण हसू दाबायला दुसरं काही नव्हतं.

समशीतोष्ण! तू! मे महिन्यात टिनाच्या शेडखाली बसवलं तर टिनच तापेल अशी बाई. त्या माणसाला तुझ्या विषयातला हा एकच शब्द येतो आणि तोही तो चुकीच्या जागी ठेवतो. तुझी थर्मामीटरची पेटी ठेवली, तशीच.

नंतर आणखी तिघं बोलले. एक म्हणाले, सुमनबाईंनी समाजातून वर येऊन नाव कमावलं. कोणत्या समाजातून ते बोलले नाहीत, फक्त आवाज जरा खाली केला. तुला तो आवाज माहीत आहे. दुसरे म्हणाले, त्या निसर्गप्रेमी होत्या. निसर्गप्रेमी! तुला गुलाबाचं फूल आणि कोबी यातला फरक सांगायचा कंटाळा होता. तिसऱ्यांनी आत्म्याला शांती मागितली. आत्मा न मानणाऱ्या बौद्ध घरातल्या बाईसाठी, तिच्या भावासमोर. मग सगळे उभे राहिले, आणि त्या शांततेत कोणाच्या तरी खिशातला सुपारीचा डबा वाजला.

मला बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. तिथं बोलायची लायकी नव्हती. माझी नाही, त्या जागेची. म्हणून इथं लिहून राहिले.

आपण बी.एड.ला छिंदवाड्याला होतो ते आठवत असेल तुला. आठवत असेल म्हणजे काय, मीच आता दोघींचं आठवायचं. मी सौंसरची, संत्र्याच्या बागांतली. तू रामाकोन्याची, त्याच बागांत निंदायला येणाऱ्या मायची पोरगी. पहिल्यांदा आपण एका बसनं गेलो ते जानेवारीत. बस घाट चढायला लागली तशी सगळ्यांनी शाली कानावर ओढल्या आणि तू खिडकी उघडली. मागचे लोक ओरडले. तू मान बाहेर काढूनच बोललीस, "शके, पाह्य. इथंच कुठंतरी रेघ हाय."

"कायची रेघ?"

"ए आणि सीची. खाली ए हाय, वर सी. आपण हवामान बदलून राहिलो."

"मले तं सागच दिसून राहिला. तो खाली होता, तो वरही हाय."

"सागाले काय समजते," तू म्हणालीस, आणि मागून कोणीतरी हात घालून खिडकी बंद केली.

त्या रात्री होस्टेलात तू मला सगळं समजावलं. मला ते पुस्तकातून येत होतं, पण तुझ्याकडून ऐकल्यावर कळलं की मला येत नव्हतं. कुठल्या जागी हवा कशी असेल हे कशावरून ठरतं? ऊन किती सरळ पडतं, जागा समुद्रापासून किती दूर, किती उंच, वारा कुठून येतो आणि वाटेत कोणता डोंगर त्याला अडवतो. इथपर्यंत ते कोणी ठरवत नाही, ते आपोआप होतं. पण मग त्याचे खाने करायचे म्हटले की माणूस लागतो. एका जर्मन माणसानं ते केलं. तो मूळचा झाडांचा अभ्यासक. कोणतं झाड कुठपर्यंत येतं आणि कुठं थांबतं ते त्यानं बघितलं, आणि ते जिथं थांबतं तिथल्या उष्णतेचा आणि पावसाचा आकडा शोधला. वर्षातला सगळ्यात थंड महिनाही सरासरी अठरा अंशांच्या वर राहिला तर ए. त्याच्या खाली गेला पण बर्फ टिकण्याइतका नाही, तर सी. त्याहून थंड ती डी. सगळ्यात गरम महिनाही दहाच्या वर येत नसेल तर ई, तिथं झाडच उभं राहत नाही. आणि बी म्हणजे कोरडी, तिचा हिशोब वेगळा, कारण पाऊस किती पडला त्यापेक्षा किती उडून गेला ते पाहावं लागतं.

"म्हणजे रेघ झाडानं ओढली," मी म्हटलं.

"झाडानं दाखवली. ओढली माणसानं. पण ओढताना त्यानं आकडा सांगितला, हे महत्त्वाचं हाय. आकडा सांगितला की मोजता येते. मोजून चूक निघाली तं रेघ सरकवता येते." मग म्हणालीस, "बाकीच्या रेघा ओढणाऱ्यांनी आकडा सांगितला काय कधी?"

बाकीच्या म्हणजे कोणत्या, ते मी विचारलं नाही. पुढच्या दिवाळीत तू आमच्या घरी आलीस तेव्हा काकूनं तुला चहा वेगळ्या कपात दिला. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. तू चहा प्यालीस, कप उलटसुलट करून बघितला आणि काकूला विचारलं, "हा माह्यासाठीच ठेवला ना, काकू?" काकू काय बोलणार, हो म्हणाली. "मंग नेतो बाप्पा," म्हणून तू तो धुऊन पिशवीत टाकला आणि निघून गेलीस. काकू आठवडाभर कपासाठी हळहळली. अपमान झाला हे तिला कळलंच नाही, कप गेला एवढंच कळलं. रस्त्यात तू मला म्हणालीस, "तुह्या काकूचं वर्गीकरण लय सोपं हाय वो. दोनच खाने. त्या जर्मनाले उगाच पाच लागले."

मग तुला पांढुर्ण्याला नोकरी लागली, मला सौंसरला, आणि आपलं भांडण सुरू झालं.

भांडण एवढंच होतं: पांढुर्णा कोणत्या खान्यात? नागपूर ए, यात वाद नाही. छिंदवाडा पठारावर, तो सी. सौंसर खाली, तो पुस्तकात ए. पांढुर्णा मधे. पुस्तकातल्या नकाशात ती रेघ एवढी जाड छापली होती की पांढुर्णा, सावरगाव आणि अर्धा तालुका तिच्या शाईखालीच गेला होता. मी म्हणायची, जे काय असेल ते, पोरींना परीक्षेत एकच उत्तर लिहायचं आहे. तू म्हणायचीस, शाईखाली माणसं राहतात.

मी संत्र्याची साक्ष काढली. आमच्या झाडांना हिवाळ्यातली थंडी लागली की आंबिया बहार फुलतो, म्हणजे झाड थंडी ओळखतं, म्हणजे ही पट्टी काही धड ए नाही. तू उडवून लावलं. "संत्रं इथलं झाडच नाही. बाहेरून आणून लावलेलं. त्याची साक्ष चालत नाही."

"मंग कोणाची चालते?"

"थर्मामीटरची. तीस वर्षं."

आजची हवा म्हणजे हवामान नव्हे, तीस वर्षांची सरासरी म्हणजे हवामान, हे आपण दोघी पोरींना शिकवत होतो. मी शिकवून विसरायची. तू ते मनावर घेतलं. नागपूरहून थर्मामीटर आणलेस, मांडीवर ठेवून, बसमध्ये कोणाला टेकू न देता. सुताराकडून झडपांची पांढरी पेटी करून घेतलीस आणि शाळेच्या मैदानात मोकळ्या गवतावर, छातीएवढ्या उंचीवर, दार उत्तरेला करून उभी केलीस, म्हणजे दार उघडलं तरी ऊन आत पडणार नाही. मी पाहायला आले तेव्हा म्हटलं, "तीस वर्षं कोण मोजते?"

"मी."

"रिटायर होईपर्यंत?"

"तीस वर्षं कावून ठेवली असतील मंग? एका माणसाची नोकरी तेवढीच राह्यते."

मूर्ख बाई.

मग ते विद्वान आले. स्नेहसंमेलनाला, जीपमधून, गळ्यात मफलर. भूगोलाचे मोठे प्राध्यापक म्हणून हेडमास्तर त्यांच्यासमोर इतके वाकले होते की मला वाटलं काहीतरी पडलं असावं आणि ते शोधताहेत. मीही होते त्या दिवशी, तू बोलावलं होतं. मंडपात पोरी, पालक, गावातले पुढारी. विद्वान बोलायला उठले आणि त्यांनी जगाचे पट्टे सांगितले. थंड पट्ट्यातला माणूस उद्योगी, त्याला जगायला कष्ट करावे लागतात, म्हणून बुद्धी तल्लख. उष्ण पट्ट्यातला माणूस सुस्त. "येताना मी पाहिलं," ते म्हणाले, "भर दुपारी तुमचे शेतमजूर झाडाखाली झोपले होते. दोष त्यांचा नाही. दोष हवामानाचा आहे." आणि ते क्षमाशील हसले. ते हसू मला अजून ओकारी आणतं.

पुढारी टाळ्या वाजवत होते. तू उठलीस. मला तुझा पदर ओढायचा होता, पण तू दोन खुर्च्या पलीकडे होतीस.

"सर, एक शंका हाय."

हेडमास्तर म्हणाले, "बाई, नंतर."

"बोलू द्या, बोलू द्या," विद्वान म्हणाले. बिचारे.

"सर, थे झोपलेले लोक अंधारात उठून शेतात गेले होते. थे तुम्हाले जीपमधून दिसणार नाही, कारण तवा जीप निघालीच नसन. त्याइच्यात माही मायही असन. पण थे राहू द्या. माही शंका आकड्याची हाय. थंडीचा महिना अठराच्या खाली गेला तं पट्टा बदलते, बरोबर?"

"बरोबर."

"मी इथं मोजून राहिली. मागच्या साली पांढुर्ण्याचा थंडीचा महिना अठराच्या खाली गेला. म्हणजे मागच्या साली आम्ही हुशार होतो. अवंदा नाही गेला. म्हणजे अवंदा आम्ही आळशी झालो. सर, पुढच्या साली आमची बुद्धी कशी राहीन थे आत्ताच सांगून टाका, म्हणजे पोरी त्या हिशोबानं अभ्यास करतीन."

आधी मागच्या रांगेतल्या पोरी हसल्या. मग पालक. मग तो पुढारीही हसला, ज्यानं टाळ्या वाजवल्या होत्या, त्याला कोणाच्याही बाजूनं आवाज करायला आवडतो. विद्वानांनी मफलर सारखा केला आणि म्हणाले, हे सर्व ढोबळ अर्थानं घ्यायचं असतं. तू म्हणालीस, "मंग ढोबळ माणसाइलेच सांगा," आणि खाली बसलीस.

मी तुझ्यावर चिडले होते त्या दिवशी. घरी जाताना म्हटलं, अर्धं बोलली असतीस तरी पुरलं असतं. तू म्हणालीस, अर्ध्यात थे पुन्हा झोपले असते. यावर आपण एक महिना अबोला धरला. आता सांगते, चिडले होते कारण ते मला सुचलं नव्हतं.

पुढं काय झालं ते सगळ्या पांढुर्ण्याला माहीत आहे आणि काल एकानंही सांगितलं नाही. हेडमास्तरांनी तुझ्याकडून भूगोल काढला. तो शिवणाच्या बाईंना दिला, ज्यांना कर्कवृत्त आणि कर्करोग यांचं काहीतरी नातं असावं असं वाटतं. तुला शिवण दिलं. आणि पेटी मैदानातून उचलून ऑफिसच्या भिंतीला लावली, सिमेंटच्या ओट्यावर, खिडकीखाली, येणाऱ्या साहेबांना दिसावी म्हणून. पांढरा रंग मळतो म्हणून तिला चॉकलेटी ऑइल पेंट दिला. वर पिवळ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहून घेतलं. "आता कशी शोभा आली," म्हणाले. दिवसभर तापलेली भिंत, तापलेला ओटा आणि ऊन पिणारा रंग. एका उन्हाळ्यात पांढुर्णा वाळवंटाला लाजवील असा झाला. शिवणाच्या बाई ते आकडे फळ्यावर लिहीत होत्या आणि पोरी उतरवून घेत होत्या.

तुला वाटलं असेल मी म्हणेन, झालं, सोड आता. मी तेच म्हणायला आले होते. पण तू सावरगावला, जाम नदीच्या पलीकडं, तुझ्या भाड्याच्या खोलीमागच्या मोकळ्या आवारात उभी होतीस आणि म्हणालीस, "तुमच्या बागेतल्या संत्र्याच्या पेट्या दे मले. रिकाम्या." त्यांच्या पट्ट्या तिरप्या ठोकून तू झडपा केल्या. चुना लावला. दार उत्तरेला. नवीन पेटी उभी राहिली तेव्हा मी विचारलं, "मागचे हिवाळे धरशील ना?"

"नाही. जागा बदलली. पहिल्यापासून मोजा लागन."

 मी दुसरीकडं पाहिलं, तुला तसं आवडत होतं.

आता या ऑगस्टचं लिहिते.  तुला पोळ्याच्या आधीपासून ताप होता. घरमालकीण म्हणाली, डॉक्टरकडं चाल. तू म्हणालीस, "एका दिवसावरून काही ठरत नाही, पाहू दोनचार दिवस." हे तिनं मला जसंच्या तसं सांगितलं आणि मला तिथंच तुझा एवढा राग आला! हवामानाला तीस वर्षं लागतात, सुमन. अंगाला नसतात तीस वर्षं. डोक्यात चढणारा मलेरिया सरासरीची वाट पाहत नाही. शहाणपण वापरायची जागा असते, हे तूच त्या हेडमास्तराला सांगत होतीस ना?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू बडबडायला लागलीस. तो गोटमारीचा दिवस. मधे नदी, नदीत रोवलेलं पळसाचं झाड, इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव, दोन्ही काठांवरून दगड. त्या दोन काठांत काय फरक आहे? एकच पाऊस, एकच ऊन, एकच भाषा, आणि निम्मे एकमेकांचे जावई. तरी तिकडचा आणि इकडचा म्हणून डोकी फोडायची, आणि त्याला परंपरा म्हणायचं. दवाखाना पांढुर्ण्याच्या काठावर. तुझा भाऊ रामाकोन्याहून आलेला, त्यानं तुला बैलगाडीत घातलं, पण नदीवर गर्दी हटायला तयार नव्हती. एक जण त्याला म्हणाला, "आजच्या दिवशी कायले निघाले? उद्या न्या ना." लांबच्या वाटेनं पोचेपर्यंत दुपार टळली. डॉक्टरांनी केलं ते केलं. सगळीकडं फुटलेली डोकी बसली होती, रक्तानं माखलेली आणि खूश, कोणी किती दगड मारले ते सांगत. त्यांच्यामधे तू, एकही दगड न मारलेली आणि न खाल्लेली, गेलीस.

मला दुसऱ्या दिवशी बसवाल्यानं सांगितलं. मी वर्गात होते.

त्या लोकांचा मला तिरस्कार वाटतो. कमी व्हावा म्हणून लिहायला बसले होते, लिहून वाढलाच. हेडमास्तरांचा, त्या मफलरवाल्याचा, काठावरच्या त्या "उद्या न्या"वाल्याचा. पण या सगळ्यांवर थुंकताना मजा यायची ती तू शेजारी असायचीस म्हणून. एकटीनं थुंकणं फार कोरडं असतं. आणि एक सांगते, जे तोंडावर कधी सांगितलं नसतं: तुझ्याशी भांडल्याशिवाय मला माझं मत काय आहे तेच कळत नव्हतं. आमच्या बागेत वाढलेल्या, काकूच्या हातची भाकर खाल्लेल्या माझ्यासारखीला तू डोळे दिलेस. त्याबद्दल आभार मानले असते तर तू म्हणाली असतीस, "भाषण नको करू."

काल शोकसभेतून मी थेट रामाकोन्याला गेले. पुण्यानुमोदन होऊन गेलं होतं, घरी कोणी नव्हतं. तुझी माय कपाशीच्या शेतात निंदत होती. लोक सांत्वनाला येतात म्हणून ती शेतात पळाली होती. "घरी बसलं का येतेत," ती म्हणाली. "तोंड लांब करतेत, चहा पितेत, अन् म्हणतेत, लय शिकली होती बिचारी. जसं काही शिकून ताप आला." मग कळलं मला, तू कोणावर गेली होतीस.

मी शेताच्या धुऱ्यावर बसले. ती पऱ्हाटीच्या ओळीत पुढं सरकत राहिली आणि मला न पाहता म्हणाली, "सुमन बोले, आपल्या इकडची हवा कोन्या खान्यातली हाय थे अजून ठरलं नाही म्हने. मंग ठरलं काय?"

"नाही ठरलं, माय."

"बरं झालं."

"कावून?"

"आमचं सारं आंधीच ठरवून ठेवलं राह्यते लोकाइनं. एखांदी गोठ तं राहू दे ना तशीच."

हे काल सभेत कोणी बोललं असतं तर मी मान डोलावली असती. शेतात, मायसमोर, मला ते सहन झालं नाही. मी उठले आणि तिच्यावर ओरडलेच. "असं कसं, माय? दुसऱ्यानं ठरवू नये म्हणून मोजायचंच नाही काय? आपण मोजलं नाही तं जीपमधून येणाराच सांगन ना, तुम्ही कोण हाय म्हणून! रेघ हाय तं मोजा लागन. चुकली तं सरकवा लागन. पण मोजा तं लागनच!"

मायचा विळा थांबला. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"हे तं सुमनच बोलली," ती म्हणाली, आणि ओळीत खाली बसून, गेल्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा, रडायला लागली.